दिवेलागणीचा स्क्रू

गिडियनची गाडी सत्त्याण्णवची,
माझ्या धाकट्या भावाहून दोन वर्षांनी मोठी.
शेटलंडच्या खाऱ्या वाऱ्यानं चाकांवरचा पत्रा
कुरतडून कुरतडून चाळण केलेला,
इंजिन मात्र पहिल्या किल्लीला हो म्हणणारं.

"आपोआप लागणारे दिवे बसवून दे," तो म्हणाला,
टोपी हातात, जणू उधार मागायला आलाय.
आठवड्यात दोनदा समोरच्यांनी हॉर्न मारून
त्याला सांगितलं होतं, बाबा, अंधार पडलाय.
पोस्टाची व्हॅन तर रस्ता सोडून
पीटच्या चिखलात उतरली होती.
येल बेटावर बातमीला पाय लागत नाहीत,
म्हातारा विसरायला लागला, एवढं सगळ्यांचं ठरलं.

मीही तेच धरून चालले.

जुन्या गाडीला नवी सवय लावायची
तर आधी तिचं पोट उघडावं लागतं.
उजव्या गुडघ्यापाशी दिव्यांचं गोल बटण,
दाबून वळवलं की अख्खं हातात येतं,
मागे सतरा पिना.
त्या जागी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं बटण,
त्याला एक घर जास्त.
आरशामागे काचेवर बोटाच्या पेराएवढा सेन्सर,
त्याची वायर छताच्या कापडाखालून, खांबाच्या आतून
परकरात नाडी ओवावी तशी
चिमटीनं, शिव्या देत, खाली आणली.
डिसेंबर. दुपारचे अडीच.
सूर्य टेकडीवर कोपर टेकून बसला होता,
मी रिले शोधेपर्यंत गेलासुद्धा.

गॅरेजातला मोठा दिवा लावून सेन्सरवर तळवा धरला.
एक, दोन, तीन,
टिक्.
टायरांच्या चळतीवर, माझ्या जुन्या कॅलेंडरवर उजेड.
तळवा काढला, गेला.
गिडियन नंतर कितीतरी वेळ
झाकत राहिला, उघडत राहिला,
पैसे विचारायचं विसरला. मीही सांगितले नाहीत.

मंगळवारी परत आला. "बिघाड आहे."
मला वाटलं, फेरीचं प्रकरण असणार,
खालच्या डेकवर अंधार, दिवे लागले असतील,
खलाशी ओरडला असेल.
"तो ओरडलाच. ते नाही.
हा उशिरा बोलतो."
कोण?
"हा काचेवरचा."

मग गाडीच्या टपाशी बोलावं तसं, माझ्याकडे न बघता,
"ऑस्ला चर्चच्या वळणाआधीच सांगायची.
लख्ख दिसत असायचं. मी म्हणायचो, बाई, दिवस आहे अजून.
ती म्हणायची, दिवे.
एक्केचाळीस वर्षं, चार गाड्या.
बटण माझ्या हाताशी होतं,
पण संध्याकाळ झाली का,
ते मी कधी पाहिलंच नाही."

डावीकडची सीट थोडी पुढे ओढलेली,
बुटक्या माणसाला पाय टेकतील इतकी.
वायर ओढताना मी तिच्यावरच पाना ठेवला होता.

सेन्सरच्या डबीच्या पाठीला एक बारीक स्क्रू असतो,
किती उजेडाला अंधार म्हणायचं, ते त्याच्यावर.
पाव वेढा फिरवला.
"अजून."
आणखी पाव.
"अजून थोडं. भित्री होती ती."
म्हटलं, गिडियन, याच्यापुढे ढग आला तरी लागतील.
"ढग आला तरी सांगायची."
आणि जूनमध्ये? रात्रच होत नाही इथे, तेव्हा हा गप्प बसेल.
त्यानं विचार केला.
"ती बसली नसती."

पुडक्यात खारवलेलं मटण, दोरीनं बांधलेलं,
बाकावर ठेवून निघाला.
दुपारचा एक वाजला होता, वर्षातला त्यातल्या त्यात उजेड.
चढावर पोस्टाची व्हॅन समोरून आली,
तिनं दोनदा डोळे मिचकावले,
बाबा, दिवे चालू राहिलेत.
त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं
आणि तसाच गेला.